मूत्रवाहिनीतली नळी पाठीत कशी आली

मणक्याच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस पाठ अशी ठणकते की कूस बदलणंही नको होतं. म्हणून काही सर्जन टाके घालण्याआधी जखमेत एक बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून भुलीचं औषध सावकाश सोडत राहतात. या नळीचं कूळ शोधत गेलो तर निघाली ती मूत्ररोगतज्ज्ञांची!

कोलरनं १८८४ मध्ये कोकेननं डोळा बधिर केला, बीअरनं १८९८ मध्ये कण्यातून भूल दिली, हे सर्वश्रुत आहे. खरा पेच होता औषध उतरल्यावर काय, हा. फिलाडेल्फियाच्या विल्यम लेमननं १९४० मध्ये वाकणारी सुईच पाठीत राहू दिली आणि ती दबू नये म्हणून रुग्णाखालच्या गादीत खाच ठेवली. ऑपरेशनपुरतं हे निभावलं, पण अशा सुईवर रात्र कोण काढणार? मेयो क्लिनिकच्या एडवर्ड टूहीनं १९४४ मध्ये सुईतून मूत्रवाहिनीची नळी आत सरकवली आणि सुई काढून घेतली. एकाच छपराखाली सगळे विभाग असलेल्या त्या रुग्णालयात ही नळी त्याच्या हाताशीच असणार, असा माझा पक्का अंदाज आहे. हवानाचे मान्युएल मार्तिनेझ कुर्बेलो मेयोत हे पाहून परतले आणि १३ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी तशीच रेशमी नळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवून दाखवली.

भूलतज्ज्ञ मात्र श्रेय सुईला देतात. सिएटलचे दंतवैद्य राल्फ ह्युबर यांनी घडवलेलं तिचं वाकडं टोक नळीला वळण देऊन कण्याच्या रेषेत वर नेतं. त्या टोकाचा एक धोकाही आहे. नळी सुईतून मागे ओढली तर तिथल्या धारेवर ती कापली जाऊ शकते, म्हणून काढायची तर दोन्ही एकदम काढतात. सुईचं महत्त्व मी नाकारत नाही. पण रुमानियाच्या ऑयजेन अबुरेलनं १९३१ मध्येच प्रसूतिवेदनांसाठी मूत्रवाहिनीची रेशमी नळी वापरली होती, आणि टूहीकडेही आधी नळी आली, ह्युबरचं टोक मागाहून.

मणक्याचं ऑपरेशन या वादाचा निकालच लावतं. तिथे पाठ उघडीच असते. सर्जन नळी डोळ्यांदेखत हवी तिथे ठेवतो, वाट दाखवायला वाकड्या टोकाची गरज उरत नाही. सुई लागलीच तर नळीचं दुसरं टोक टाक्यांपासून दूर, कातडीबाहेर काढण्यापुरती. नळीला मात्र पर्याय नाही. स्नायूंच्या थरात ठेवायची असेल तर तिला अनेक छिद्रं असतात, म्हणजे औषध जखमेच्या लांबीभर पसरतं. नसांजवळ ठेवली तर बुपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन अगदी सौम्य देतात. दुखणं दबावं, पण पायातली ताकद राहावी. कारण आत रक्त साचून नसा दबल्या तर ते आधी पायांच्या हालचालीतच कळतं, म्हणून नर्स रात्रीतून पुन्हापुन्हा येऊन रुग्णाला पावलं वर उचलायला लावते.