यंत्राची देखभाल आणि माणसाचे उतरणे

सफाईकामाचा इतिहास आपल्याकडे कायद्यांच्या आणि समित्यांच्या तारखांनी लिहिला जातो. त्या तारखा महत्त्वाच्या आहेतच. पण यंत्र आल्यानंतरही माणूस गटारात का उतरतो, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. ते यंत्राच्या पंपात, गाळणीत आणि तेलाच्या डब्यात शोधावे लागते, असे माझे मत आहे.

मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा पाहा. त्यात 'हलालखोर कर' होता. शहराने मैल्याची व्यवस्था लावली आणि कराला नाव दिले ते मैला उपसणाऱ्या माणसाचे! पुढे त्या जागी मलनिःसारण कर हे स्वच्छ नाव आले. नाव बदलले, माणूस तोच राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, केंद्र सरकारने १९५७ मध्ये मलकानी समिती. डोक्यावरची पाटी जावी, ढकलगाडी यावी, असा विचार झाला. अवजार सुधारले, ते धरणारा हात कोणाचा, हा प्रश्न मागेच पडला.

बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. कारण यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. दोष असेल तर तो यंत्राचा नव्हे, त्याचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा, हेही त्यांनी बजावले. हे सूत्र मला मढमध्ये पुरेपूर पटले.

मढच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी. वर्सोव्याहून माणसे फेरीबोटीने येतात. सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या टँकरला मात्र मालाड-मार्वेचा वळसा. या टँकरची रचना साधी आहे. गाडीच्या इंजिनावर पंप चालतो, तो टँकरमधली हवा ओढून घेतो आणि मैला पाइपातून वर चढतो. गटार तुंबले असेल तर जेटिंग यंत्र जोरदार पाण्याने गाळ फोडते. दोन्हींची निगा रोजची. इंजिनाचे तेल आणि रेडिएटरचे पाणी पाहायचे. पंपाला वंगण द्यायचे. हवेबरोबर येणारी घाण पंपात शिरू नये म्हणून बसवलेला सापळा रिकामा करायचा. पंपाची पाती झिजली की ओढ मंदावते, म्हणून ती वेळेवर बदलायची. जेटिंगच्या पाण्यात वाळू गेली तर पॅकिंग खाल्ले जाते, म्हणून गाळणी धुवायची. काम संपल्यावर सारे गोड्या पाण्याने धुवायचे. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही.

याच मढच्या बंदरात तांडेल बोट सोडण्याआधी इंजिनाचे तेल पाहतो, डिझेलची गाळणी पाहतो. त्याला कोणी सांगावे लागत नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर जीव त्याचा आणि त्याच्या खलाशांचा जाणार असतो. टँकरचे गणित उलटे आहे. गाडीचा मालक एक, ठेकेदार दुसरा, चालक रोजंदारीवर आणि पाइप धरणारा त्याच्याही खाली. ज्याच्या हाती देखभालीचा पैसा, त्याचा जीव पणाला नाही. ज्याचा जीव पणाला, त्याच्या हाती पानाही नाही. मग पंपाची ओढ संपली की बादली आणि दोर बाहेर निघतो. जात हे या व्यवस्थेचे फुकटचे जादा यंत्र आहे. त्याला तेल लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत. ते मोडले तर दुसरे मिळते.

२०१३ चा कायदा आणि त्याखालील नियम आले. गटारात माणूस उतरवायला मोजके अपवाद ठेवले, तेही लेखी परवानगीने. यंत्र जिथे चालवताच येत नाही अशा जागांचा त्यांत विचार आहे. पण निगेअभावी बंद पडलेले यंत्र आणि चालवता न येणारे यंत्र यांतला फरक टाकीच्या तोंडाशी उभा असलेला मुकादम करील काय? सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठी २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. ही रक्कम माणूस मेल्यावर मिळते. पंपाच्या पात्याचा पैसा तो जिवंत असतानाच खर्चावा लागतो. मार्च २०२४ मध्ये मढच्या वाटेवरील मालवणीत सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत एक बाप आणि त्याचे दोन मुलगे पडले. मुलगे वाचले नाहीत. टाकीतला वायू जात विचारीत नाही. टाकीत कोणी उतरायचे हे ठरवणारी व्यवस्था मात्र विचारते.

म्हणून 'यंत्र आणा' ही मागणी आता अपुरी आहे. देखभालीचा खर्च ठेक्यात वेगळा लिहिला पाहिजे. यंत्राची रोजची नोंदवही कामगाराच्या हाती आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत हवी. यंत्र बंद असेल त्या दिवशी काम नाकारण्याचा हक्क हवा आणि त्या दिवसाची मजुरीही हवी. कार्यकर्त्यांनी यापुढे ठेकेदाराला यंत्रे किती, एवढेच विचारून थांबू नये. शेवटचे तेल कधी बदलले आणि त्याची सही कोणाची, हेही विचारावे.