मागणी, मत आणि मार्चअखेर

सरकारी कचेरीशी ज्याचा कधी ना कधी संबंध आला आहे, त्याला ‘मार्च एंड’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फेब्रुवारीपर्यंत पेंगणाऱ्या फायली एकाएकी धावू लागतात, रात्री उशिरापर्यंत बिले पास होतात. का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘नाहीतर पैसे परत जातील.’ कुठे परत जातील? आणि मुळात ते कुणाच्या परवानगीने आले होते? या दोन प्रश्नांच्या दारातून संसदीय वित्तव्यवहाराच्या अभ्यासात शिरता येते. आत येणाऱ्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. हा विषय दिसतो आकड्यांचा, पण आहे परवानगीचा.

पहिला गैरसमज भाषणाचा. १ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता अर्थमंत्री उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत काय स्वस्त, काय महाग याच्या याद्या घरोघर पोचतात. पण त्या भाषणाने सरकारला नव्या वर्षातला एक रुपयाही खर्चता येत नाही. संविधानात तर ‘बजेट’ हा शब्दच नाही. अनुच्छेद ११२ मध्ये आहे ते ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’. सरकारचा महसूल आणि कर्जाऊ रक्कम एकत्रित निधीत जमा होते, आणि त्या निधीतून पैसा काढायचा तर कायदाच लागतो. तो कायदा म्हणजे विनियोजन अधिनियम. भाषण आणि हा कायदा यांच्यामधले आठवडे कंटाळवाणे असतात, वर्तमानपत्रे तिकडे फिरकत नाहीत. आमचा अभ्यासविषय नेमका तिथे राहतो.

भाषणानंतर सर्वसाधारण चर्चा होते, मग सभागृह सुट्टीवर जाते आणि मंत्रालयांच्या मागण्या स्थायी समित्यांकडे जातात. या समित्या १९९३ साली सुरू झाल्या. आज त्या चोवीस आहेत आणि दोन्ही सभागृहांचे सदस्य त्यांत बसतात. दार बंद असते, कॅमेरा नसतो, त्यामुळे पक्षाची झूल थोडी बाजूला ठेवून सदस्य सचिवांना प्रश्न विचारतात. ‘गेल्या वर्षीची तरतूद पडून का राहिली?’ हा त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी प्रश्न. समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. तरीही माझ्या मते नव्या अभ्यासकाने भाषणाआधी हे अहवाल वाचावेत.

मग लोकसभेत मतदान. मागण्या साधारण शंभर. लोकसभेला मागणी मंजूर करता येते, नाकारता येते, कमी करता येते; वाढवता मात्र येत नाही. राज्यसभेला मागण्यांवर मतच नाही. तिच्याकडे विनियोजन विधेयक धन विधेयक म्हणून जाते आणि चौदा दिवसांत ते परत करावे लागते. शिवाय काही खर्चांवर लोकसभेलाही मत नसते: राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि सरकारी कर्जावरचे व्याज. आपल्या अंदाजपत्रकांत यांना ‘भारित’ आणि मतदानाच्या खर्चाला ‘दत्तमत’ म्हणतात. व्याज केवढे असते हे ध्यानात घेतले, की ‘भारित’ या शब्दाचा भार कळतो.

विरोध नोंदवायचे साधन म्हणजे कपात सूचना. धोरणच अमान्य असेल तर संपूर्ण मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना द्यायची. उधळपट्टी थांबवायची असेल तर ठरावीक रकमेची. आणि एखादे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर फक्त शंभर रुपयांची. हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये कापा म्हणणारा खासदार अडाणी नसतो. तो त्या शंभर रुपयांत बोलण्याची संधी विकत घेत असतो. सूचना मंजूर झाली तर मात्र तो सरकारवरचा अविश्वास ठरतो, म्हणून ती मंजूर होत नाही. याउलट अमेरिकेत कायदेमंडळ स्वतःच बारा खर्च-विधेयके घडवते आणि ती रखडली तर कचेऱ्यांना कुलपे लागतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात ती ३५ दिवस लागली होती. आपल्याकडे कुलूप लागत नाही. आपल्याकडे वेळ संपतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात, आणि यंत्र नावाला जागते. २०१८ आणि २०२३ साली गोंधळात एकाही मागणीवर चर्चा न होता सगळ्या मागण्या मंजूर झाल्या.

इथे मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या मंडळाला अंदाजपत्रकावर मत द्यायचा अधिकार नव्हता, नुसते बोलायचा होता. रानड्यांच्या तालमीत तयार झालेल्या गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवले, की तिजोरीतली शिल्लक ही भरभराटीची खूण नसून दुष्काळाने पिचलेल्या रयतेवर लादलेल्या जादा कराची आहे. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. श्रेय एकट्या भाषणाचे नव्हे, पण भाषण वाया गेले असेही कुणी म्हणू नये. गोखल्यांपाशी शब्द होता, मत नव्हते. आज मत आहे, आणि शब्दाला वेळ मिळत नाही.

अर्थात वेळापत्रक थोडे सुधारले आहे. पूर्वी अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या अखेरीस येई, ३१ मार्चपूर्वी मागण्या पुऱ्या होत नसत, म्हणून दोन महिन्यांच्या खर्चाची आगाऊ परवानगी, म्हणजे लेखानुदान, घ्यावे लागे. २०१७ पासून तारीख १ फेब्रुवारी झाली आणि लेखानुदान निवडणुकीच्या वर्षापुरते उरले. त्याच वर्षी १९२४ पासून वेगळे मांडले जाणारे रेल्वेचे अंदाजपत्रकही मुख्य प्रवाहात आले.

अखेरचा टप्पा जादा खर्चाचा. मंजुरीपेक्षा अधिक खर्च झालेला महालेखापरीक्षकांच्या नजरेस येतो, लोकलेखा समिती त्याची कारणे तपासते आणि मग तो खर्च अनुच्छेद ११५ खाली लोकसभेपुढे पुन्हा मतासाठी येतो. तोवर वर्षे उलटलेली असतात. ते पैसे खर्चणारा मंत्री कधी माजी झालेला असतो, कधी ते सभागृहही विसर्जित झालेले असते. तरी मागणीचा क्रमांक पुकारला जातो, ‘होय’ आणि ‘नाही’ विचारले जाते, आणि पुलाखालून गेलेल्या पाण्याला रीतसर परवानगी मिळते.