२५ मिलिमीटरचं शहर

मंगळवार, २६ जुलै २००५

सकाळी ८.३०

हवामान खात्याच्या मुंबईत दोन वेधशाळा, कुलाब्याला एक आणि सांताक्रूझला एक. रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा, आणि नवा दिवस शून्यापासून सुरू करायचा. त्या सकाळीही तसंच झालं. अंदाज होता जोरदार ते अतिजोरदार पावसाचा. जुलैच्या अखेरीला मुंबईकर असा अंदाज ऐकून छत्री घेतो, रजा घेत नाही. मुलं शाळेत गेली. लोकल भरून चालल्या होत्या. मी कालिन्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात वेळेवर पोचलो.

दुपारी १२.००

आभाळ काळं, पाऊस येऊन-जाऊन. नोंद घेण्यासारखं काही नव्हतं.

पण इथेच थोडं थांबून मिठी नदीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती घडणार आहे. विहार तलाव भरला की त्याचं पाणी सांडव्यावरून जिथे उतरतं, तिथे ती सुरू होते. पवईचं पाणी तिला येऊन मिळतं. मग साकीनाका, कुर्ला, कालिना, बांद्रा-कुर्ला संकुल, धारावी आणि शेवटी माहीमची खाडी. लांबी अठरा किलोमीटरसुद्धा नाही. वाकोल्याचा नाला तिला वाटेत भेटतो. विमानतळाच्या हद्दीत धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळवलेलं आहे. बांद्रा-कुर्ला संकुल उभं आहे ती जागा खाडीकाठची दलदल होती, तिवरांची. भरतीचं पाणी तिथे पसरायचं, ओहोटीला हळूहळू मागे जायचं. मुंबईतल्या अनेकांना २००५ पर्यंत मिठी ही नदी आहे हेच ठाऊक नव्हतं. सगळे तिला नाला म्हणत. कुर्ल्याची गॅरेजं, भंगारवाले, रंगाचे कारखाने आपलं सगळं तिच्यात सोडत होते आणि दोन्ही काठांनी भराव टाकून तिला आवळत आणलं होतं.

दुपारी २.३०

सांताक्रूझला खरा पाऊस सुरू झाला.

वेधशाळांमध्ये पाऊस आपोआप नोंदवणारं एक साधं यंत्र असतं. भांड्यात पाणी साठतं तसा आतला तरंगक वर चढतो. त्याला जोडलेलं पेन, घड्याळाच्या चावीवर फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या कागदावर, वर जाणारी रेघ ओढतं. दहा मिलिमीटर झाले की सायफनने भांडं झटकन रिकामं होतं, पेन सरळ खाली येतं आणि पुन्हा चढायला लागतं. साध्या पावसाळी दिवशी ही चढउतार काही तासांनी एकदा होते. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. असं यंत्र एवढ्या पावसाला सामोरं गेलं, तर त्याचं पेन दर तीन मिनिटांनी खाली कोसळेल. कागदावर रेघांऐवजी करवतीचे दाते दिसतील.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १९० मिलिमीटर म्हणजे एका तासात प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ एक अख्खं पिंप ओतणं. प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक फरशीवर.

आणि मुंबईची गटारं बांधली होती तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी. तेही समुद्राला ओहोटी असताना.

या २५ च्या आकड्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्याच्या शेजारचा आकडा जास्त छळतो: ०.५. गटारांच्या हिशेबात धरलं होतं की पडलेल्या पावसातला निम्मा वाहत येईल. उरलेला निम्मा कुठे जाणार होता? जमिनीत. अंगणात, मैदानात, झाडाखाली, मिठागरात, दलदलीत. तो ०.५ म्हणजे आपल्या शहराची माती होती. माती आपण डांबराखाली, सिमेंटखाली, पेव्हर ब्लॉकखाली घातली. आकडा मात्र कागदावर तसाच राहिला. वर्षानुवर्षं गटारं अशा जमिनीच्या भरवशावर होती, जी आता उरलीच नव्हती. हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. पर्जन्यजलवाहिन्यांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये तयार झाला होता. त्यात क्षमता तासाला ५० मिलिमीटर करा, आणि पडलेलं सगळं पाणी वाहतच येणार असं धरा, असं सांगितलं होतं. आपण मातीचं जे केलं त्याची कबुलीच होती ती. बारा वर्षं ती कबुली कपाटात पडून राहिली. आज हे लिहितानाही मला या गोष्टीचा संताप येतो.

दुपारी ३.५०

समुद्राला पूर्ण भरती. उंची ४.४८ मीटर.

ऑफिसच्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसेनासा झाला होता. खाली वॉचमनकाका उभे होते. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. तिथली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. कॅलेंडर बघावं लागत नाही. ते म्हणाले, “साहेब, पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले. आत्ता भरती भरलीय. खाडी पाणी घेणार नाय.”

ते जे सांगत होते तेच आकड्यांतही दिसतं. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या १८६ ठिकाणी समुद्राला किंवा खाडीला मिळतात. त्यांतल्या ४५ पातमुखांची पातळी समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहे. १३५ त्या पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरतीच्याही वर राहतात ती फक्त सहा. म्हणजे भरतीच्या वेळी बाकी सगळी तोंडं बंद. पाणी बाहेर जात नाही, उलट आत येतं. भरती हटेपर्यंत पावसाचं पाणी कुठेतरी थांबायला हवं होतं. माहीम आणि बांद्र्याच्या तिवरांनी, दलदलीने हेच काम शतकानुशतकं केलं होतं. त्या जागी आता काचेच्या इमारती होत्या.

भरतीची वेळ काही अचानक आलेली नव्हती. ती वर्षभर आधी छापलेली असते. पाऊस पडताना दिसत होता. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी ठेवणारं, आणि ठेवून कुर्ल्याला, कालिन्याला, साकीनाक्याला एक फोन करणारं, त्या दुपारी कुणी नव्हतं.

संध्याकाळी ५.००

कुलाब्यात पाऊस साधा होता. त्या चोवीस तासांत तिथे जेमतेम ७३ मिलिमीटर भरला. मंत्रालय, महापालिकेचं मुख्यालय, मोठी वृत्तपत्रं, सगळं शहराच्या त्या टोकाला. वीस-पंचवीस किलोमीटरवर लोक बुडत होते आणि निर्णय घेणाऱ्यांच्या खिडकीबाहेर जुलैतला नेहमीचा पाऊस होता. मी यासाठी त्यांना दगड मारणार नाही. माणूस खिडकीतून दिसतं तेच खरं मानतो. म्हणून तर खिडकीपलीकडचं सांगणारी यंत्रं लागतात, आणि ती दोन असून भागत नाही. समुद्राने वेढलेल्या या शहरात ढग एका उपनगरावर उभा राहतो आणि शेजारचं उपनगर कोरडं राहतं.

लोकल ठप्प झाल्या होत्या. विमानतळ बंद पडला होता. तो पुढे तीस तासांहून जास्त बंद राहिला.

संध्याकाळी ५.३०

वॉचमनकाकांनी जिन्याच्या भिंतीवर खडूने पहिली रेघ मारली. शेजारी वेळ लिहिली. पाणी तिसऱ्या पायरीला होतं.

संध्याकाळी ६.३०

दुपारी अडीचपासून चार तासांत सांताक्रूझला ४८१ मिलिमीटर. खडूची तिसरी रेघ सहाव्या पायरीवर.

पाण्याचा रंग आठवतो. काळपट, वर तेलाचा तवंग, आणि वास रॉकेलचा. वाकोल्याच्या नाल्याचं आणि मिठीचं पाणी एक झालं होतं. ऑइलचे रिकामे डबे, चपला, एक लाकडी पोळपाट, गॅस सिलिंडर. मग एक म्हैस, जिवंत, मान वर काढून पोहत गेली. समोरच्या इमारतीतल्या पोरांनी लोखंडी गेटपासून विजेच्या खांबापर्यंत दोर बांधला होता. बायका, शाळेची मुलं, ब्रीफकेस डोक्यावर धरलेले बाप्ये, सगळे तो धरून सरकत होते. कोण कुणाचं नाव विचारत नव्हतं. आमच्या जिन्यात दोन तासांत चाळीसेक माणसं जमली. कुणीतरी बिस्किटांचे पुडे काढले, कुणी फोन लावत राहिलं. फोन लागत नव्हता.

त्याच संध्याकाळी काही लोक गाडीत बसून राहिले, कारण बाहेरच्यापेक्षा गाडी सुरक्षित वाटली. पाणी वाढलं, काचा-दारं उघडेनात, आणि त्यांचा जीव तिथेच गेला. पंधरा मिनिटं आधी ‘गाडी सोडा, वर चढा’ एवढं कळलं असतं तर?

रात्री ९.००

साकीनाक्याला टेकडी खचली होती. आझादनगरच्या घरांवर ती आली. तिथे माती उतारावर होती, पण ती धरून ठेवणारी झाडं नव्हती. आणि त्या उतारावर घर बांधण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हतं, तीच माणसं खाली गाडली गेली. उपनगरांत वीज नव्हती.

रात्री ११.३०

अकरावी पायरी. काकांनी ती रेघ मारली आणि खडू खिशात ठेवला. यापुढे ते फक्त बॅटरीने बघत राहिले. मी त्यांना विचारलं, रेघा कशाला? म्हणाले, “वाढतंय की उतरतंय, ते डोळ्याला कळत नाय साहेब. रेघेला कळतं.”

पुढे महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर पंधरा मिनिटांनी कुठे किती पडला ते आता कळतं. मिठीची पातळीही मोजली जाते. ती वाढू लागली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या कुटुंबांना महापालिकेच्या शाळेत हलवतात. २०२० मध्ये पुराचा आगाऊ अंदाज देणारी ‘आयफ्लोज’ प्रणाली आली. त्यामुळे जीव वाचतात, आणि ज्यांनी हे उभं केलं त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे. त्या प्रलयानंतर ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. त्या आदेशाच्या आधाराने काही ठिकाणी तिवर परत उगवले आहेत. पण मिठीचं पात्र रुंद करताना दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती आल्या. मोजणारं यंत्र आपल्याकडे आलं. पाणी थांबेल अशी जमीन मात्र अजून फार थोडी आहे. रेघ मारता येते. पाणी खालच्या पायरीवर रोखायचं, तर त्याला दुसरीकडे पसरायला जागा द्यावी लागते. मैदान, तळं, मिठागर, तिवराचं बन, काहीही. फक्त ते सिमेंटचं नको.

बुधवार, २७ जुलै, पहाटे ४.००

पाणी एक पायरी उतरलं. जिन्यात कुणीतरी हलकेच टाळी वाजवली आणि मग थांबलं, कारण शेजारी मुलं झोपली होती.

सकाळी ८.३०

सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांचा पाऊस वहीत उतरवला गेला: ९४४ मिलिमीटर. विहार तलावाजवळ तो हजाराच्याही वर होता. राज्यभरात हजारावर माणसं त्या पावसात गेली, मुंबईत चारशेवर. ती मोजदाद व्हायला पुढे बरेच दिवस लागले.

आम्ही जिना उतरलो तेव्हा शेवटच्या तीन पायऱ्या अजून पाण्यात होत्या. खालच्या रेघा पाण्याने पुसून गेल्या होत्या. सगळ्यात वरची, रात्री साडेअकराची, तेवढी राहिली होती आणि तिच्या शेजारी काकांच्या अक्षरात वेळ होती. ते केरसुणीने चिखल लोटत होते. भिंतीजवळ आले की केरसुणी वळवून घेत होते.