बैहरच्या पोराची पानथरी

१९५४ ची जानेवारी. गोंदियाला मोठी गाडी सोडून तुम्ही छोट्या लाईनीने बालाघाटला आलात आणि तिथून घाट चढून बैहरला. राजधानी अजून नागपूर आहे. बालाघाट आणि नागपूर एकाच मध्य प्रदेशात नांदताहेत. त्यांची वाटणी व्हायला १ नोव्हेंबर १९५६ उजाडावा लागेल. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम गेल्याच वर्षी सुरू झालाय. शाळेच्या अंगणात गोंड-बैगांची पोरं कुडकुडत रांगेत उभी आहेत आणि पाहणीला आलेला आरोग्य निरीक्षक सहा-सात वर्षांच्या एका पोराला बाकावर आडवं करतो.

तुम्हीही हात पुढे करा. डाव्या बरगडीखाली बोटं टेकवा. "पोट सैल सोड बाळा, मोठा श्वास घे." पोर श्वास घेतं आणि आतून काहीतरी घट्ट, गोलसर कडेचं, तुमच्या बोटांना येऊन भिडतं. ही पानथरी, म्हणजे प्लीहा. निरोगी मुलाची पानथरी बरगड्यांआड असते, सहसा हाताला लागत नाही. ह्याची तीन बोटं खाली उतरलीय. वहीत आकडा पडतो. पुढचं पोर.

शंभरातल्या किती मुलांची पानथरी हाताला लागते, त्यावरून गावचा हिवताप मोजायचा, ही रीत हिंदुस्थानातलीच. डेम्पस्टर नावाच्या सर्जननं १८४७ च्या सुमारास यमुनेच्या कालव्याकाठी ती वापरली. पुढे १९५० साली कंपालाच्या मलेरिया परिषदेनं दोन ते दहा वर्षांच्या मुलांतलं हे प्रमाण सतत पन्नास टक्क्यांच्या वर राहिलं, तर तो मुलूख हिवतापाच्या वरच्या पायरीवर धरायचा, असं ठरवलं. यंत्र नाही, सुई नाही, नुसतं बोटांचं ज्ञान. मला या रीतीबद्दल फार आदर वाटतो. पण बोटांना जे लागतं, ते नेमकं कशानं वाढलंय?

त्यासाठी लहान व्हा. रक्तातल्या तांबड्या पेशीएवढे, मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या सात-आठ भागांएवढे. आता पोराच्या रक्तातून पानथरीत शिरा.

नळी संपते आणि रक्त उघड्यावर सांडतं. पानथरीचा तांबडा गर तो हाच. परत शिरेत जायचं, तर भिंतीतल्या फटींतून अंग चोरून निघावं लागतं आणि फट जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी रुंद. तरुण, लवचीक पेशी दुमडून पार होते. म्हातारी झालेली, ताठरलेली अडकते. हिवतापाचा जंतू पोटात बाळगणारीही ताठरते. आणि फटींच्या अलीकडे, जाळीला बिलगून, हात-पाय पसरून बसलेल्या पेशी वाट पाहत असतात. या मॅक्रोफेज, भक्षक पेशी. तुमच्या डोळ्यांदेखत एक अख्खी तांबडी पेशी गिळली जाते. शेजारी त्याहून नाजूक काम चाललंय: पेशी फटीतून ओढून निघते, आतला जंतू मात्र अलीकडेच राहतो, जणू आठळी काढलेला फणसाचा गरा. पेशी पुढे जगते, जंतू मॅक्रोफेजच्या पोटात जातो.

या मॅक्रोफेजच्या अंगावर काळसर-तपकिरी ठिपके दिसतायत ना? जंतू हिमोग्लोबिन खातो, पण त्यातलं हीम त्याला विषारी. मग तो त्याचे काळे खडे करून ठेवतो. जंतूबरोबर ते खडेही इथे येतात आणि साचतात. हिवतापानं मेलेल्यांची पानथरी पाटीच्या रंगाची का दिसते, याचं उत्तर तुमच्यासमोर आहे. पोराला ताप पुन्हा पुन्हा येतो, खाण्याचं काम वाढत जातं, अस्थिमज्जेतून नव्या मोनोसाइट, म्हणजे मॅक्रोफेज बनू शकणाऱ्या, पेशी मदतीला येतात, अडकलेल्या पेशींचा ढीग होतो, आणि हे सगळं मिळून तीन बोटं खाली उतरतं. बैहरच्या हिवतापाचा नकाशा निरीक्षकाच्या वहीत उतरला, पण तो आधी या पेशींनी पोरांच्या पोटात काढला होता.

या पेशी आणखी एक करतात, तापाशिवायही, तुमच्यात आणि माझ्यात. शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी घडवतं आणि तितक्याच मोडतं. मोडीतलं लोखंड सोडवून परत मज्जेकडे धाडायचं काम मुख्यतः पानथरीतल्या आणि यकृतातल्या मॅक्रोफेजकडे आहे. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोखंड असं फिरतं. जेवणातून आपण शोषतो ते एक-दोन मिलिग्रॅम. हे काम त्यांना शिकवतं कोण? तांबड्या पेशीतलं हीमच. हीम आत साठलं, की स्पाय-सी नावाचा जनुक जागा होतो आणि साध्या मोनोसाइटची लोखंडाचा कारभार पाहणारी पेशी बनते. खाऊनच ती घडते.

आता त्याच पोराबरोबर सात वर्षं मागे चला, त्याच्या जन्माच्याही आधी. तो आईच्या पोटात आहे, जेमतेम चार-पाच आठवड्यांचा. अस्थिमज्जा नाही, पानथरीचा पत्ता नाही. पण गर्भाबाहेरच्या पीतक कोशात पहिल्या मॅक्रोफेज तयार झाल्यात आणि वाटेला लागल्यात. मेंदूचा कोंब दिसला की काही तिथे शिरतात आणि कायमच्या तिथल्याच होतात. पुढे त्या आपल्यातूनच नव्या पेशी निपजवतात, रक्तातून भरती सहसा होत नाही. १९१९ साली स्पेनच्या रिओ-ओर्तेगानं त्यांना मायक्रोग्लिया म्हटलं. पीतक कोशातलं त्यांचं मूळ उंदरांत पक्कं व्हायला २०१० साल लागलं. यकृतात बसलेल्या भक्षकांना कुप्फरच्या नावावरून कुप्फर पेशी म्हटलं गेलं. ज्यानं ज्या अवयवात पाहिलं त्यानं तिथलं नाव दिलं, आणि एका गोतातल्या पेशी कितीतरी वर्षं एकमेकींना अनोळखी राहिल्या.

फुप्फुसात मात्र त्या उशिरा पोचतात. तिथं जायला पुन्हा १९५४ मध्ये या, पण घाट उतरून, बालाघाट शहराजवळच्या भरवेलीला. मँगनीजच्या खाणीत दगड फुटतोय, धूळ उडतेय. एका मजुराच्या श्वासाबरोबर आत चला, शेवटच्या वायुकोशापर्यंत. इथे ना लोखंड, ना फटी. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत इतकी पातळ, की इथे दाहाचा भडका परवडत नाही. म्हणून इथल्या मॅक्रोफेज मुळातच शांत स्वभावाच्या. वायुकोश मिटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर असतो. शिळा झालेला थर खाणं हे त्यांचं रोजचं काम. बाळ जन्मून श्वास घेऊ लागलं की पहिल्या काही दिवसांत त्या आकाराला येतात, आणि जीएम-सीएसएफ नावाचा निरोप फुप्फुसानं दिला तरच. तो निरोप पोचला नाही, तर थर साचत जाऊन फुप्फुस दुधाळ द्रवानं भरतं.

दगडाच्या धुळीतली सिलिकाही त्या निमूटपणे गिळतात. पण सिलिका पचत नाही. ती पेशीच्या आतली पिशवी फोडते, पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी त्याला गिळते. त्या धुमश्चक्रीतून फुप्फुसात व्रण उठतात आणि माणूस धापा टाकू लागतो. खाणकामगारांच्या छातीचा विचार करताना मला आधी या पेशी आठवतात. त्यांनी कामात कसूर केलेली नसते.

आता २०१४ मध्ये एक थांबा, प्रयोगशाळेत. उंदराच्या पोटाच्या पोकळीतल्या, पूर्ण वाढ झालेल्या मॅक्रोफेज फुप्फुसात नेऊन सोडल्या आहेत. काही काळानं त्यांच्यातले कुठले जनुक चालू आणि कुठले बंद, ते पाहिलं, तर बव्हंशी फुप्फुसाचाच साचा दिसतो. देश तसा वेश. पण वेश घ्यायला तो देश शिल्लक हवा, आणि इथेच माझा मुद्दा पुन्हा मध्य भारतात येऊन पोचतो.

१९५८. नागपूर आता मुंबई राज्यात गेलंय. तिथल्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरचा लेख लॅन्सेटमध्ये छापून आलाय. बैहरच्या रांगेतल्या एखाद्या पोराची पानथरी हिवतापानं नव्हे, तर कोयत्यासारख्या वाकड्या पेशी अडकून वाढली असेल. चार वर्षांपूर्वीच्या तुमच्या बोटांना हा भेद कळण्याची सोय नव्हती.

आणि शेवटी २०२३. १ जुलैला मध्य प्रदेशातच, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जाहीर झालंय. बालाघाटच्या एका घरात चार वर्षांची मुलगी आहे, दोन्ही बाजूंनी सिकलचा वारसा मिळालेली. तिच्या पानथरीत रक्त पुन्हा पुन्हा अडलंय. जगात इतरत्र अशा पुष्कळ मुलांची पानथरी सुकून जाते. आपल्याकडे ती बऱ्याचदा मोठी राहते, तरी काम सोडत जाते. यकृतातल्या कुप्फर पेशी शाबूत आहेत, आतड्याकडून येणारे जंतू त्या पकडतायत, मोडक्या तांबड्या पेशीही गिळतायत. मेंदूतल्या, फुप्फुसातल्या, कातडीतल्या सगळ्या आपापल्या जागी आहेत. तरी साखरेचं कवच पांघरलेला न्यूमोकोकस नावाचा जंतू रक्तात शिरला, आणि त्याच्यावर चिकटायला प्रतिपिंड तयार नसले, तर तो यकृताच्या हातून निसटतो. त्याला गाळून धरणाऱ्या मॅक्रोफेज आणि कवच ओळखून झटपट प्रतिपिंड करणाऱ्या बी-पेशी शेजारी शेजारी बसतात त्या पानथरीतच. म्हणून या मुलीला न्यूमोकोकसची लस टोचायची, पाच वर्षांची होईतो पेनिसिलिन सकाळ-संध्याकाळ चुकवायचं नाही, आणि ताप चढला तर रात्र काढायची नाही, त्याच वेळी दवाखाना गाठायचा.