देहप्रतिमा, मराठी कुमारकथेतील

वयात येताना आपला रंग, उंची, दात, केस यांकडे मुले कोणत्या नजरेने पाहतात आणि ती नजर कुमारकथेत कशी उतरते, हा या नोंदीचा विषय. मराठीत त्याचा वेगळा प्रवाह झालेला नाही. कथानक दुसऱ्याच वाटेने चाललेले असते, देह मध्येच डोकावतो.

भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे अंगाने काडी. त्याला त्याची लाज नाही. सुसाट सायकल मारणे, चोरांच्या हातून निसटणे या देहाला झकास जमते. स्वीकाराचा शब्दही न उच्चारता साधलेले हे मराठीतले बहुधा सर्वांत आनंदी उदाहरण.

अँडरसनच्या 1843च्या परीकथेतले कुरूप पिल्लू ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे घरोघरी पोचले. त्यात एक अडचण आहे. पिल्लाचे दुःख सरते ते शेवटी राजहंस ठरल्यामुळे; बदकच राहिले असते, तर त्याचे काय झाले असते, हे कथा विचारत नाही. आर. जे. पलासिओ यांच्या ‘वंडर’ (2012) कादंबरीतल्या ऑगस्टचा जन्मतः वेगळा असलेला चेहरा मात्र अखेरपर्यंत तोच राहतो, बदलतात ते वर्गसोबती.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गात घडते. नायक मुकुंद जोशीच्या टोळीत फावड्या नावाचा मुलगा आहे. पुढे आलेल्या दातांवरून मराठी शाळांत असे नाव सहज पडते आणि दहावीपर्यंत सुटत नाही. ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम भारतात आली तीही आणीबाणी लागली त्या 1975 सालीच. नावातले ‘फेअर’ गळायला 2020 उजाडले. रंग आणि जात यांची गाठ नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) या चित्रपटात दिसते. शालूच्या ओढीने झुरणाऱ्या नायक जब्याला आपला काळा रंग सलत राहतो.

देहाकडे पाहण्याची वेगळी रीत आदिवासी पाड्यांवर दिसते. ‘शाळा’ लिहिणाऱ्या बोकिलांनीच तिथल्या एका समाजावर ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे अभ्यासपुस्तकही लिहिले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली या आदिवासींचे वाड्या-पाडे आहेत. तिथली अनेक मुले घर सोडून आश्रमशाळेत राहतात, घरच्या बोलीऐवजी पुस्तकी मराठी शिकतात. त्यांच्या आज्यांच्या कपाळावर, हातांवर हिरवे गोंदण असते. दागिना गहाण पडतो, चोरीला जातो. गोंदण मात्र मेल्यावरही संगती येते, ही जुनी समजूत. देहाला आपले मानण्याची ही रीत छापील कुमारकथेला जवळजवळ अनोळखी आहे.

त्यामुळे मोठी उणीव राहते. मराठीच्या नावाजलेल्या कुमारनायकांत कसाऱ्याच्या किंवा माळशेज घाटाच्या पायथ्याची सावळी, काटक, डोंगर झपझप चढणारी मुलगी भेटत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर 1971पासून निघते आहे. ते हाती धरून वसतिगृहाच्या ओट्यावर बसलेली मुलगी वाचक म्हणून केव्हाच तयार आहे, नायिका म्हणून तिला अजून फारसे कोणी लिहिलेले नाही.