चीनमधील सुधारणा आणि वऱ्हाडचा कापूस

दर्यापूर - चीनच्या आर्थिक निर्णयांचे पडसाद पूर्णेच्या खोऱ्यातील कापूसबाजारात उमटतात. त्यामुळे तेथील सुधारणांविषयीची राजनैतिक चर्चा दर्यापूरच्या कास्तकारालाही परकी राहत नाही.

सुधारणांचा आरंभ : डिसेंबर १९७८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीच्या अधिवेशनानंतर डेंग झियाओपिंग यांच्या नेतृत्वाखाली नवे धोरण आकारास आले. सामूहिक शेतीची जागा कुटुंबनिहाय कराराने घेतली. १९८० मध्ये शेंझेनसह विशेष आर्थिक क्षेत्रे स्थापन झाली.

राजकीय मर्यादा : आर्थिक मोकळीक देताना पक्षाने सत्तेवरील पकड सैल केली नाही. जून १९८९ मध्ये तिआनमेन चौकातील विद्यार्थ्यांचे आंदोलन लष्कराकरवी चिरडण्यात आले. आंदोलकांविषयी सौम्य भूमिका घेणारे सरचिटणीस झाओ झियांग यांना पदच्युत व्हावे लागले. त्या वेळी बीजिंगच्या भारतीय दूतावासात असलेले व पुढे परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले यांनी या घडामोडींवर २०२१ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले.

भारताशी संवाद : पंतप्रधान राजीव गांधी यांनी डिसेंबर १९८८ मध्ये बीजिंगमध्ये डेंग यांची भेट घेतली. सीमाप्रश्न सुटण्याची वाट न पाहता व्यापार वाढविण्याचा मार्ग तेथे खुला झाला. मे २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील चीनच्या दौऱ्यावर गेल्या. १९९१ ते १९९६ या काळात त्या अमरावतीच्या खासदार होत्या. भारतीय मालाला चिनी बाजारपेठेत अधिक वाव मिळावा, हा या भेटीतील एक प्रमुख विषय होता.

कापसाचे गणित : डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि तेथील कापडउद्योग विस्तारला. २०११ पासून चीन सरकारने देशी कापूस चढ्या दराने खरेदी करून साठा केला. त्यामुळे तेथील गिरण्यांना आयात कापूस स्वस्त पडू लागला व भारतीय गाठींना मोठी मागणी आली. २०१४ मध्ये ही साठेखरेदी थांबली. शिनजियांगमधील उत्पादकांसाठी लक्ष्यभावाची पद्धत सुरू झाली. चीनला होणारी भारतीय निर्यात झपाट्याने घटली. २०१४-१५ च्या हंगामात देशांतर्गत भाव कोसळल्याने सीसीआयला हमीभावाने मोठी खरेदी करावी लागली.

साठेखरेदीचा निर्णय बीजिंगमध्ये बंद दाराआड झाला. मात्र त्याची झळ वऱ्हाडातील कास्तकाराला सोसावी लागली. परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत कापूस उत्पादकाचा विचार अग्रभागी असणे म्हणूनच आवश्यक ठरते.