पिवळ्या पेटीचं कूळ

वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला ब्रिटनमध्ये लोक सर्रास ‘गॅट्सो’ म्हणतात. हे नाव एका डच माणसाचं, मॉरिस गॅट्सोनिडिसचं. १९११ साली जावा बेटावर जन्मलेला हा गडी ना पोलीस होता, ना रस्ता सुरक्षेचा कैवारी. तो शर्यतीत गाड्या पळवायचा. १९५३ची माँटे कार्लो रॅली त्याने फोर्ड झेफायर हाकत जिंकली.

वळणावर आपली गाडी किती वेगाने निघते आणि आणखी कुठे रेटता येईल, एवढंच त्याला मोजायचं होतं. त्यासाठी ठरावीक अंतरावर दोन रबरी नळ्या रस्त्यावर आडव्या टाकायच्या. पहिलीवर चाक चढलं की घड्याळ सुरू, दुसरीवर चढलं की बंद. पुढचं गणित शाळकरी पोरालाही जमेल. जोरात जायला जन्मलेलं हे यंत्र पोलिसांच्या हाती पडलं. १९५८मध्ये कंपनी निघाली, पुढे कॅमेरा जोडला गेला, १९७१मध्ये रडार आलं.

ब्रिटनमधली पहिली पेटी १९९२मध्ये लंडनच्या ट्विकनम पुलावर बसली. गाडी पुढे गेली की मागून लख्‌कन दोन फोटो, अर्ध्या सेकंदाच्या फरकाने. रस्त्यावर पांढऱ्या रेघांची फूटपट्टी आखलेली. दोन फोटोंच्या मध्ये गाडी किती रेघा सरकली ते मोजायचं. रडार खोटं बोलतंय म्हणणाऱ्यापुढे रस्ताच साक्षीला उभा! आत फिल्मचं रीळ असे आणि बऱ्याच पेट्या चक्क रिकाम्या असत. ब्रेक मात्र सगळ्यांसमोर लागायचे.

लोकांचा राग दंडापेक्षा लपाछपीवर जास्त होता. पेट्या करड्या रंगाच्या, कधी झाडाआड, कधी पाटीमागे. त्यात दंडाच्याच पैशातून कॅमेऱ्यांचा खर्च भागवायची पद्धत आली आणि ‘सरकारने गल्ला मांडलाय’ हा संशय पक्का झाला. पेटीच्या गळ्यात टायर अडकवून ती पेटवून देणारेही निघाले. अखेर २००१मध्ये सरकारने पेट्या भडक पिवळ्या रंगवायचं ठरवलं. रखवालदाराने काठी आपटत फिरावं, तसला हा प्रकार. पण तो रंग लोकांनी भांडून मिळवलेला आहे. फ्रान्समध्ये राग याहून पेटला. पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात २०१९च्या जानेवारीपर्यंत देशातल्या सुमारे ६० टक्के वेग-कॅमेऱ्यांची मोडतोड झाल्याचं खुद्द गृहमंत्र्यांनी सांगितलं.

पेटी दिसू लागली, तशी तिच्यापुरता ब्रेक मारून पुन्हा सुसाट निघायची कलाही लोकांना साधली. ‘पुढे कॅमेरा आहे, हळू घे’ हे वाक्य आपल्याकडेही गाडीत कुणी ना कुणी म्हणतंच. त्यावरचा उतारा म्हणजे दोन ठिकाणी कॅमेरे लावून मधल्या अंतराचा सरासरी वेग काढायचा. थोडक्यात, गॅट्सोनिडिसच्या दोन नळ्याच, फक्त काही किलोमीटर लांब नेऊन टाकलेल्या. २०२४पासून मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर असे कॅमेरे आहेत. शंभरच्या पट्ट्यात दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले, तर सरासरी १२० भरते. कॅमेऱ्याखाली कितीही हळू घेतलं तरी.